सिकलसेलची टक्केवारी : जिल्ह्याची आणि आपल्या घरची

‘डॉक्टर, आपल्या भागात सिकलसेल किती टक्के?’ हा प्रश्न दवाखान्यात नेहमी विचारला जातो. सोयरीक जुळत असेल तर हमखास. प्रश्न सरळ असला तरी त्याचे उत्तर सरळ नाही. अशी टक्केवारी कशी काढतात आणि तिच्यावर किती विसंबावे, हे आज पाहू.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रत्येकाजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल तर तो वाहक. त्याला सहसा कोणताही त्रास नसतो. दोन्ही सदोष असतील तर तो रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. मग हातपाय व सांधे ठणकतात, रक्त कमी होते, वारंवार जंतुसंसर्ग होतो.

मोजणी कशी होते?

समजा, १०० लोकांचे रक्त तपासले. त्यांत १८ वाहक आणि १ रुग्ण निघाला. १०० लोकांजवळ जनुकाच्या २०० प्रती. वाहकांच्या १८ आणि रुग्णाच्या २, अशा सदोष प्रती २०. म्हणजे जनुकाचे प्रमाण १० टक्के. लग्ने कोणताही गट न पाहता होत असतील, तर या प्रमाणावरून पुढच्या पिढीतील वाहक व रुग्ण किती, याचा अंदाज काढता येतो. हा नियम हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे मांडला.

पण ते १०० लोक कोण, यावर सारे अवलंबून असते. दवाखान्यात येणारे मोजले तर आकडा फुगतो, कारण तेथे दुखणाईतच येतात. एकाच घरातील सहा जण मोजले तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजली जाते. युरोपात वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या खुणा मोजून, कोणत्या प्रदेशात कोणता पितृवंश किती, याचे नकाशे तयार झाले आहेत. तेथेही सख्खे भाऊ दोनदा मोजू नयेत, ही काळजी घ्यावी लागते. सिकलसेल मात्र आडनावासारखा केवळ बापाकडून येत नाही. म्हणून ‘आमच्या घराण्यात कोणालाच नाही’ या म्हणण्याला अर्थ नाही. आईचे माहेरही त्यात असतेच.

जिल्ह्याचा आकडा का फसवतो?

एक तर जिल्हाच बदलतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला. त्याआधीच्या ‘भंडारा जिल्ह्याच्या’ आकड्यांत देवरी, सालेकसा हे आजचे गोंदियातील तालुकेही धरलेले असत. तो आकडा आजच्या पवनी, लाखांदूरला जसाच्या तसा लावता येत नाही.

दुसरे, आपल्याकडे लग्ने बहुधा आपापल्या समाजात होतात. समजा, ५०० लोकांच्या एका गटात सदोष जनुक २० टक्के आहे आणि ५०० लोकांच्या दुसऱ्या गटात मुळीच नाही. सरासरी १० टक्के. तिच्यावरून हिशेब केला तर हजारात १० रुग्ण अपेक्षित. प्रत्यक्षात पहिल्या गटातच २० रुग्ण सापडतील. सरासरीने निम्मे रुग्ण झाकून टाकले! जवळच्या नात्यात लग्न झाले तर धोका आणखी वाढतो.

हा अमुक एका समाजाचाच आजार, ही समजूतही चुकीची आहे. विदर्भात तो आदिवासी, अनुसूचित जाती व इतर मागास समाजांतही आढळतो. जेथे पूर्वी हिवतापाचा जोर होता तेथे हे जनुक टिकले, कारण वाहकाला घातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. यात कोणत्याही कुळाला कमीपणा नाही.

मग आपण काय करावे?

टक्केवारी सरकारला उपयोगी असते. औषधे किती लागतील, तपासणी कोठे वाढवावी, हे तिच्यावरून ठरते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. पण होणाऱ्या बाळाचा धोका फक्त दोन अहवाल सांगतात, आईचा आणि बापाचा.

एक वाहक व दुसरा निर्दोष असेल तर मूल रुग्ण होत नाही. ते वाहक असण्याची शक्यता निम्मी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. ‘पहिले आजारी निघाले, आता पुढची तिन्ही चांगली’ असा हिशेब नसतो. प्रत्येक वेळी धोका तेवढाच.

१) लग्न ठरवण्याआधी मुलगा व मुलगी दोघांचीही तपासणी करा. पत्रिकेआधी रक्ताचा अहवाल पाहा.
२) सोल्युबिलिटी चाचणी सदोष हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने कळते. ती जरूर करा.
३) लग्न झाले असून दोघेही वाहक असाल, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत करता येते.
४) वाहक म्हणून कोणाला नाकारू नका. निर्दोष जोडीदाराशी तो सुखाने संसार करू शकतो.

अहवाल लपवू नका. लपवलेल्या कागदाची किंमत पुढे लेकरू मोजते.