गिअर बॉक्स उघडण्याआधी

पोरा, जुनी मॅसी १०३५ गिअर टाकताना कर्रर्र करायला लागली की लोक लगेच म्हणतात, गिअर बॉक्स गेला. तो इतक्या लवकर जात नाही. या जुन्या मॅसी ट्रॅक्टरचे सहा पुढचे, दोन मागचे गिअर सरकवून अडकवायचे. चालत्या गाडीत घाई केलीस तर ते ओरडणारच. पण गाडी उभी आहे, क्लच तळापर्यंत दाबलाय, थोडा थांबलास आणि तरी कर्रर्र? मग क्लच पूर्ण सुटत नाही. आधी पॅडलचा प्ले बघ.

नंतर कान लाव. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर बॉक्समधलं बेअरिंग. दाबल्यावरच येते, तर रिलीज बेअरिंग. फक्त वळताना येते, तर मागे डिफरन्शियलकडे जा, पुढचं उघडू नकोस. नांगराला जोर लागला की गिअर निसटतो? आधी रेलला धरून ठेवणारी स्प्रिंग आणि फोर्क तपास. दातांची टोकं गोल झाली असतील तर मात्र गिअर बदलावाच लागेल, आणि बदलायचा तर जोडीने.

क्लच हाउसिंगच्या तळाला भोक असतं. तिथून गळणारं तेल बोटावर घे. इंजिनाचं काळं, पातळ असेल तर क्रॅंकचं सील. जाड, गिअरचा वास असलेलं असेल तर इनपुट शाफ्टचं. निम्मी चौकशी इथंच संपते. बॉक्समधलं तेल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. लिव्हरचं रबर फाटलेलं आणि गाडी पावसात उघड्यावर, दुसरं काय होणार!

गाडी मधून फोडायची वेळ आलीच, तर पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोकल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नकोस. अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डुलतो. मागचा आधार सुटला की इंजिन एका अंगावर कलंडतं आणि पाय त्याच्याखाली असतो. बॅटरीची तार आधी काढ. मागच्या धडाखाली जाड ओंडके रच, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नकोस. जॅक हळूहळू बसतो, आणि बसताना सांगत नाही.

काढलेल्या शिम ज्या बाजूच्या त्या बाजूला तारेत ओवून ठेव. सगळ्या एकाच डब्यात टाकणाऱ्या माणसाला मी गाडीला हात लावू देत नाही. बेअरिंग बसवताना जी रिंग घट्ट बसते तिच्यावरच ठोक.

जोडताना दोन्ही धडं हाताने ढकलून भिडली पाहिजेत. भिडत नसतील तर फ्लायव्हील थोडं फिरव, दात जुळतात. बोल्ट आवळून ओढायला गेलास तर हाउसिंगला तडा जाईल, आणि तिची किंमत साऱ्या कामापेक्षा जास्त.

गिअर आणि लिफ्टचं तेल एकच. म्हणून भरल्यावर गाडी सुरू कर, लिफ्ट दोन-चार वेळा वर-खाली कर, मग खाली टेकवून, गाडी बंद करून तेलाची पट्टी पुन्हा बघ.