मीठ, साखर व पाणी : पेशीच्या दारापाशी एक धडा

पावसाळा लागला की आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत लेकरांना जुलाब लागतात. मूल पाणी मागत असता वडील माणसे म्हणतात, “पाणी देऊ नका, दिले तर जुलाब वाढतील.” हे बोलणे ममतेचे खरे, परंतु ते मुलाच्या जिवावर बेतते. ही समजूत चुकीची का, ते आज पाहू.

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनले आहे. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे दुपदरी पटल असते. तेलात मीठ विरघळत नाही, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. त्याचप्रमाणे मीठ व साखर ह्या पटलातून आपोआप पार होत नाहीत. त्यांच्यासाठी उत्पन्नकर्त्याने पटलात प्रथिनांची दारे बसविली आहेत. पाण्याची रीत निराळी. ज्या बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूस ते ओढले जाते. कैरीच्या फोडींस मीठ लावले म्हणजे पाणी सुटते, व मनुका पाण्यात टाकल्या म्हणजे फुगतात, त्या ह्याच नियमाने. ह्यास परासरण म्हणतात.

आतड्याच्या पेशींत एक दार असे आहे की, त्यातून मिठातील सोडियमाचे दोन कण व ग्लुकोजचा एक कण मिळूनच आत शिरतात. घरची साखर आतड्यात फुटली म्हणजे तीतून हे ग्लुकोज निघते. पेशीच्या मागील अंगास एक पंप सोडियम रक्ताकडे अहोरात्र लोटीत असतो. त्यामुळे पेशीत सोडियमाची उणीव राहते, आणि ती उणीवच बाहेरील सोडियमास व त्याबरोबर साखरेस आत ओढते. पाणी त्यांच्या मागोमाग जाते. ही गोष्ट रॉबर्ट क्रेन ह्या शास्त्रज्ञांनी १९६० साली प्राग येथे मांडली.

पटकीचे विष आतड्यातून क्षार व पाणी बाहेर टाकविते. परंतु हे जोडीचे दार त्या विषाने बंद होत नाही. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजविले. शेकडा सुमारे ३० असलेले मृत्यूंचे प्रमाण ४ च्या आत आले.

तर वाचकहो, जुलाब लागताच आरोग्य केंद्रातील ओ. आर. एस. ची पुडी आणावी व तीवर लिहिले असेल तितक्याच स्वच्छ पाण्यात विरघळवावी. पुडी नसल्यास उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये. साखर अधिक झाल्यास ती पाणी उलट आतड्यात ओढील, आणि अधिक मीठ मुलास अपायकारक आहे. घोट घोट पाजावे. ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न बंद करू नये. उरलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. ह्या पाण्याने जुलाब तत्काळ थांबत नाहीत. गेलेले पाणी व क्षार भरून निघतात, आणि त्यानेच जीव वाचतो. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईनासे झाले अथवा शौचात रक्त दिसले, तर विलंब न करिता डॉक्टरांकडे न्यावे.

तहानेल्या लहानग्यास प्यालाभर पाणी देणाऱ्यास प्रभु विसरत नाही, असे आपण शिकवितो. तो प्याला योग्य मापाने भरणे हीही सेवाच होय. येत्या रविवारी उपासनेनंतर प्रत्येक मंडळीत एका भगिनीने हे पाणी सर्वांदेखत करून दाखवावे, अशी आमची विनंती आहे.

विचारावयाचे प्रश्न :
१. नुसत्या पाण्यापेक्षा मीठ व साखर घातलेले पाणी आतड्यात अधिक का शोषले जाते?
२. साखर अधिक घातल्यास अपाय कसा होतो?
३. आपल्या आळीत हे कोणास अद्याप ठाऊक नाही, व त्यांस कोण सांगेल?