दारातली आई आत कशी येईल

धाकटे, तुला हिंजवडीच्या बाजूची अंगणवाडी मिळाली हे ऐकलं आणि दाराची चौकट धरून उभ्या राहणाऱ्या आयाच डोळ्यांपुढे आल्या. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतली पोरं तुझ्याकडे येणार. कुणी विजयपूर-कलबुर्गीकडचे लमाण, कुणी बिहारचे प्लास्टरवाले, कुणाचा बाप नेपाळहून आलेला वॉचमन. या आया पोराला आत सोडतात आणि उंबऱ्यावरूनच परत फिरतात. आत आपलं काय काम, असं त्यांना वाटतं. ते वाटणं घालवणं हे मला तुझ्या सगळ्या रजिस्टरांपेक्षा मोठं काम वाटतं.

आधी तू त्यांच्याकडे जा. माता बैठक सकाळी अकराला ठेवलीस तर रोजंदारीवरच्या बाईचा खाडा होतो. मग ती आली नाही की 'यांना पोरांची पर्वाच नाही' असं आपल्यातलंच कुणी म्हणतं. मला ते ऐकवत नाही गं. संध्याकाळी चुली पेटल्या की जा, बसायला देतील तिथे बस, चहा देतील तो पी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा वस्तीवरची पोरं बालवाडीत येईनात. मग त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात भरवली. पुढे कोसबाडला वारल्यांची पोरं गुरांमागे जायची, तर शाळा कुरणात नेली. महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. पोराच्या घरात जे होतं, तेच शिकवायला घेतलं. तू एवढं केलंस तरी पुष्कळ.

पोराचं नाव आई जसं उच्चारते तसंच म्हण. जिभेला जड जातं म्हणून त्याचा 'सोन्या' करू नकोस. पाणी, भूक, शू, दुखतंय, एवढं तरी त्याच्या बोलीत आईकडून शिकून घे. रडणारं पोर 'याडी' म्हणो की 'आमा', ते आईलाच हाक मारतंय, हे तुला आणि मदतनीस बाईंना कळलंच पाहिजे.

आणि एक फार जपून सांगते. नवी भाषा कानावर पडायला लागली की काही मुलं कित्येक आठवडे, कधी महिनेही, तोंड उघडत नाहीत. ती ऐकत असतात, समजून घेत असतात. त्यांना मंद ठरवायची घाई करू नकोस. 'घरी मराठीच बोला' असंही आईला सांगू नकोस. ती अंगाई, गोष्ट, रागावणं, सगळं तिच्याच बोलीत करू दे; त्या पायावरच पोराची मराठी उभी राहते. पोराचं वजन कमी भरलं तर ते आईला एकटीला गाठून सांग. चार जणींसमोर नको, आणि दुभाषी म्हणून तिच्याच मोठ्या पोरीला मध्ये उभं करून तर नकोच. ती पोरगी सहा वर्षांवरची असेल तर ती स्वतः शाळेत का नाही, हेही विचार.

खाण्याचं सरळ विचारून घे: अंडं चालतं का, काय वर्ज्य आहे. अंदाज बांधू नकोस. लमाण म्हटलं की आरशांचा घागरा डोळ्यांपुढे येतो, पण त्या घागऱ्यातल्या आजीची सून साडी नाहीतर पंजाबी ड्रेस घालून कामाला जाते. सणाच्या दिवशी पोरांना वेष घालून रांगेत उभं करण्यापेक्षा एखाद्या आजीला चटईवर बसव आणि तिच्या बोलीतलं गाणं म्हणायला सांग. आपली आजी बाईंच्या शेजारी बसलीय, हे पोर बघेल ना!

गावातले पालक कुरकुरतील, 'आमच्या पोरांचं मराठी बिघडेल' म्हणतील. वाद घालू नकोस, त्यांना तासभर येऊन बसायला सांग. मुलं खेळात एकमेकांचे शब्द उचलतात आणि आपले विसरत नाहीत, हे त्यांना समोरच दिसेल.

कागद अपुरे आहेत म्हणून कुणाला दारातून परत पाठवू नकोस. मुख्यसेविकेशी बोल, वाट निघते. साइट संपली की ही माणसं उठतात, कधीकधी एका रात्रीत. म्हणून लसीकरणाचं कार्ड आईच्याच पिशवीत आहे ना, ते आत्तापासून बघत जा. तुझा फोन नंबर त्यावर लिहून दे, आणि पुढच्या मुक्कामी अंगणवाडी कुठे म्हणून कुणाला विचारायचं, तेही सांगून ठेव.