रात्रीच्या रस्त्यावर सायकलस्वार दिसावा कसा?

पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे अहिल्यानगरहून (पूर्वीचे अहमदनगर) करंजीचा घाट ओलांडून पाथर्डीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील गाव होय. कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्गाची वाहतूक याच रस्त्याने होते. उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे आदिनाथनगरच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या व ट्रॅक्टर यांची तीत भर पडते. या रस्त्याच्या कडेने पहाटे दूध घालावयास जाणारा, सायंकाळी वैरणीचा भारा घेऊन परतणारा आणि शेतीपंपाला रात्रपाळीची वीज असेल तेव्हा दारे धरण्यास जाणारा शेतकरी आजही पुष्कळदा सायकलवरच असतो. त्याच्या जिवाचा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

अंधारात सायकल चालविणाऱ्या मनुष्याची एक ठाम समजूत असते. मालमोटारीचे दिवे त्याला अर्ध्या कोसावरून दिसतात. तेव्हा आपणही चालकाला दिसत असलोच पाहिजे, असे तो धरून चालतो. ही समजूत चुकीची आहे. दिवा स्वतः प्रकाश देतो म्हणून दिसतो. मनुष्य मात्र त्याच्यावर पडलेला प्रकाश परत फिरला तरच दिसतो. काळी घोंगडी किंवा गडद रंगाचे जाकीट आलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकते. जुन्या पिढीतील पांढरे धोतर व सदरा या दृष्टीने बरे होते. परंतु थंडीच्या पहाटे त्यावरही घोंगडी येतेच.

आता थोडा हिशोब पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर काही आहे हे ओळखून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर अंतर तेथेच संपते. नंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी तितकेच अंतर लागते. भरलेल्या मालमोटारीस याहून अधिक लागते. गाडीचा दिवा डिप्परवर असताना गडद कपड्यांतील सायकलस्वार साधारणतः २० ते ३० मीटरवर आल्याखेरीज नजरेस पडत नाही. म्हणजे चालक सावध, शुद्धीवर आणि ब्रेक उत्तम असूनही तो वेळेवर थांबू शकत नाही. समोरून दुसरे वाहन येत असेल तर त्याच्या झोताने चालकाचे डोळे दिपतात, आणि ते पुन्हा सरावेपर्यंत कडेचा सायकलस्वार त्याच्या दृष्टीने नाहीसाच झालेला असतो.

यावर उपाय स्वस्त आहे. बोलीत ज्याला ‘रेडियम’ म्हणतात ती परावर्तक पट्टी सर्वांच्या परिचयाची आहे. (तीत रेडियम धातू मुळीच नसतो, घड्याळाच्या जुन्या काट्यांवरून हे नाव पडले असावे.) रात्री बॅटरीच्या उजेडात बैलाचे किंवा मांजराचे डोळे चमकतात, त्याच जातीचे हे काम आहे. पट्टीतील काचेचे बारीक मणी अथवा कोनाकृती लोलक प्रकाश इकडेतिकडे न फेकता, ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवितात. त्यामुळे मोटारीच्या दिव्याचा प्रकाश पुन्हा चालकाच्याच डोळ्यांकडे जातो, आणि चांगली पट्टी १०० ते १५० मीटरवरून सहज दिसते. पुष्कळजण सायकलच्या मागे जुनी सीडी टांगतात. तिचा उपयोग फारसा होत नाही, कारण ती आरशाप्रमाणे प्रकाश भलतीकडे वळविते. दुधाच्या चकचकीत कॅनचेही तसेच. झगझगीत पोपटी रंगाचे जाकीट दिवसा उठून दिसते, पण तो रंग सूर्यप्रकाशावर चमकतो. त्यावर परावर्तक पट्टे नसतील तर रात्री त्याच्यावर विसंबू नये.

पट्टी कोठे लावावी, हा प्रश्न मात्र लोक समजतात त्याहून महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या संशोधकांनी रहदारीस बंद असलेल्या रस्त्यावर रात्री घेतलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. काळ्या कपड्यांतील सायकलस्वार चालकांनी १०० पैकी केवळ २ वेळा ओळखला, परावर्तक जाकीट घातले तेव्हा ५० वेळा, आणि त्याच जाकिटाबरोबर घोट्यांवर व गुडघ्यांवर पट्ट्या बांधल्या तेव्हा ९० वेळा. याचे कारण असे की, पायडल मारताना वरखाली होणारे दोन ठिपके पाहताच हा सायकलवरील मनुष्य आहे हे चालकाला तत्काळ कळते. स्थिर ठिपका मैलाचा दगडही असू शकतो. शिवाय डिप्परचा प्रकाश जमिनीलगत राहतो, म्हणून तो घोट्यांवर आधी पडतो. ज्याला एकच पट्टी परवडते त्याने ती दोन तुकडे करून दोन्ही घोट्यांवर बांधावी.

केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशान्वये नव्या सायकलींवर पुढे पांढरे, मागे लाल, तसेच चाकांत व पायडलांवर परावर्तक बसविणे उत्पादकांना बंधनकारक झाले आहे. पण शेतकऱ्याची सायकल सहसा जुनी असते, आणि नवी असली तरी मागील लाल परावर्तक कॅनच्या किंवा घासाच्या भाऱ्याच्या आड जातो. यासाठी लाल पट्टी कॅनच्या मागील अंगावर व मडगार्डच्या खालच्या टोकाशी लावावी. भाऱ्यावर पट्टी शिवलेले कापड बांधावे. चिखलाने माखलेली पट्टी नसल्यासारखीच असते, तेव्हा ती पाण्याने धुऊन फडक्याने पुसावी. परावर्तकाला स्वतःचा उजेड नसतो, हेही ध्यानात ठेवावे. दिवा बंद असलेली मोटारसायकल मागून आली तर तो निरुपयोगी ठरतो, म्हणून बॅटरीवरील लाल दिवाही मागे असावा. डायनामोचा दिवा सायकल थांबताच विझतो.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी याचे प्रात्यक्षिक अंधाऱ्या रात्री शाळेच्या मैदानावर किंवा मोकळ्या रानात घ्यावे. हमरस्त्यावर घेऊ नये. एक ट्रॅक्टर डिप्परवर उभा करावा, शेतकऱ्यांना त्याच्या दिव्यामागे उभे करावे आणि दोन सायकलस्वार, एक घोंगडीतील व एक घोट्यांना पट्ट्या बांधलेला, दुरून संथपणे येऊ द्यावेत. कोण कोठे दिसला तेथे चुन्याची खूण करावी व दोन्ही खुणांमधील अंतर पावलांनी मोजून घ्यावे. घरी पट्टी तपासताना बॅटरी कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरावी. कमरेशी धरून जवळून पाहिल्यास चांगली पट्टीही निस्तेज भासते. मढीच्या यात्रेला व नवरात्रात मोहटादेवीला रात्री पायी जाणाऱ्यांनाही घोट्याची पट्टी तितकीच उपयोगी आहे. कार्यकर्त्यांनी पट्ट्या व कात्री सोबत न्यावी, आलेल्या सायकलींना त्या तेथेच लावून द्याव्यात आणि महिन्याभराने पुन्हा पाहणी करावी. कॅनवरील पट्टी घासून प्रथम निघते. ती त्या वेळी बदलावी.