हास्य आणि करुण यांचा विरोध : ‘डेरी गर्ल्स’ या मालिकेच्या निमित्ताने

१

रसांच्या परस्परविरोधाचा विचार संस्कृत साहित्यशास्त्रात विस्ताराने झाला आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्याचा विरोध भयानक आणि करुण या दोन रसांशी मानला आहे. पाश्चात्त्य परंपरेत ॲरिस्टॉटलने हास्यास्पदाचे विवेचन करताना व्यंग असावे, परंतु त्यातून वेदना वा विनाश उद्भवू नये, अशी मर्यादा घातली आहे. दोन्ही परंपरांचा आशय थोडक्यात असा, की भय आणि शोक यांचे कारण खरेखुरे असते तेथे हास्य टिकत नाही; टिकलेच तर ते क्रूर ठरते. हा विचार मान्य केला तर एक प्रश्न उभा राहतो. ज्या शहरात बाँबस्फोट, लष्करी तपासणी नाके आणि अंत्ययात्रा हा दैनंदिन जीवनाचाच भाग झाला आहे, त्या शहरातील जीवनावर विनोदी कलाकृती निर्माण करता येईल काय? आणि केल्यास, मृतांचे नातलग अजून हयात असताना त्या विनोदाचे नैतिक स्थान कोणते?

लिसा मगी यांनी लिहिलेल्या ‘डेरी गर्ल्स’ या मालिकेच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. ही मालिका ब्रिटनमधील ‘चॅनल फोर’ या वाहिनीवरून २०१८, २०१९ आणि २०२२ अशा तीन पर्वांत, एकूण १९ भागांत प्रक्षेपित झाली. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका हा साहित्याभ्यासाचा विषय होऊ शकतो का, अशी शंका घेतली जाण्याचा संभव आहे. परंतु संवाद, व्यक्तिरेखन, प्रसंगरचना आणि निवेदन या नाट्यवाङ्मयाच्या अंगांनीच ही मालिका उभी राहिली असल्याने तिला नाट्यसमीक्षेचे निकष लावणे गैर ठरू नये.

२

मालिकेची पार्श्वभूमी लक्षात घेतल्याशिवाय तिच्यातील विनोदाचे स्वरूप कळणार नाही. उत्तर आयर्लंडमधील या शहराला एक समाज ‘डेरी’ म्हणतो, तर दुसरा ‘लंडनडेरी’. नाव उच्चारताच उच्चारणाऱ्याची बाजू उघड होते. १९२१ च्या फाळणीनंतर हे शहर ब्रिटिश राज्यात राहिले. येथे कॅथलिकांची बहुसंख्या असूनही मतदारसंघांच्या हेतुपुरस्सर आखणीमुळे नगरपालिकेची सत्ता दीर्घकाळ प्रोटेस्टंट युनियनवाद्यांच्या हाती होती. ५ ऑक्टोबर १९६८ च्या नागरी हक्क मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळीबार केला. त्यात १३ जण त्याच दिवशी मरण पावले आणि एक जखमी पुढे दगावला. तीन दशकांच्या या संघर्षात एकूण साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. या साऱ्याला तेथील लोकभाषेत ‘द ट्रबल्स’, म्हणजे जवळजवळ ‘कटकटी’ असे म्हणतात. एवढ्या मोठ्या हानीला एवढे लहान नाव देणे हीच मुळात एक भाषिक प्रतिक्रिया आहे, आणि मालिकेतील विनोदाचे बीज या प्रतिक्रियेत आहे.

मालिकेचा काळ १९९० च्या दशकाच्या मध्यापासून १९९८ पर्यंतचा आहे. एरिन क्विन, तिची मावसबहीण ओर्ला, मैत्रिणी क्लेअर आणि मिशेल, तसेच मिशेलचा इंग्लंडमधून आलेला मावसभाऊ जेम्स ही पाच पात्रे कॅथलिक मुलींच्या एका शाळेत शिकतात. इंग्रज उच्चार असलेल्या मुलाला मुलांच्या शाळेत मार खावा लागेल म्हणून जेम्सला मुलींच्या शाळेत घातले जाते. राजकीय वास्तवातून निघालेली ही तडजोड लगेच एका अगदी घरगुती अडचणीत रूपांतरित होते : त्या शाळेत मुलांसाठी स्वच्छतागृहच नसते. राजकीय कारण आणि क्षुल्लक परिणाम यांतील ही तफावत म्हणजे मालिकेच्या विनोदाचे मूलसूत्र होय.

३

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात विरोधी रसांच्या परिहाराचे मार्ग सांगितले आहेत. विरोधी रसांचे आश्रय भिन्न ठेवावेत, दोहोंमध्ये तिसऱ्या रसाचे व्यवधान घालावे, किंवा एकाला दुसऱ्याचे अंग करावे, असे त्यांचे स्थूल स्वरूप आहे. ‘डेरी गर्ल्स’च्या लेखिकेसमोर ही चर्चा असण्याचे कारण नाही. तरीही तिच्या रचनेचे विश्लेषण करण्यास ही परिभाषा विशेष उपयोगी पडते.

प्रारंभीच्या प्रसंगांत भयानकाला हास्याचे अंग केलेले दिसते. पहिल्याच भागात पुलावर बाँब सापडल्याची बातमी येते. एरिनच्या आईला चिंता वाटते ती मुलींची शाळा बुडण्याची, आणि मावशी सारा त्रासते ती त्वचा उन्हाळवून घेण्याची ठरलेली वेळ हुकणार म्हणून. कोलम या वृद्ध नातलगाला बंदूकधाऱ्यांनी बांधून ठेवून त्याची गाडी पळविलेली असते. पण तो ती हकीकत इतक्या निरर्थक तपशिलांसह, इतक्या संथपणे सांगतो की ऐकणाऱ्यांना बंदुकीपेक्षा कथनाचेच भय वाटू लागते. १२ जुलैच्या ऑरेंज संचलनाच्या वेळी शहर सोडून सीमेपलीकडे निघालेल्या कुटुंबाला गाडीच्या डिकीत एक फरारी बंडखोर लपलेला आढळतो. त्याच्या देशभक्तीच्या भाषेपेक्षा या कुटुंबाला आपली सहल बिघडते आहे हे अधिक खुपते.

येथे एक गोष्ट काळजीपूर्वक लक्षात घ्यावयास हवी. या प्रसंगांत हिंसा हास्यास्पद ठरत नाही. बाँबने कोणी मेले, त्यावर हसावे, अशी मांडणी एकदाही येत नाही. हास्याचा विषय आहे तो हिंसेला आपल्या दिनक्रमात जागा करून देणाऱ्या माणसांचा हट्ट. भीती नाकारता येत नाही, पण तिला घराच्या मध्यभागी बसू द्यावयाचे नाही, असा हा हट्ट असतो. त्यामुळे या हास्यात उपहास असला तरी तुच्छता नाही. ॲरिस्टॉटलची मर्यादा येथे मोडली जात नाही. विनाश आहे, पण हास्याचे आलंबन तो नाही.

४

हे सर्व मान्य करूनही एक आक्षेप शिल्लक राहतो. भयानकाला सतत हास्याचे अंग करीत राहिल्यास शेवटी भयाची धारच बोथट होईल आणि मृतांचे दुःख केवळ पार्श्वभूमी ठरेल. पहिल्या पर्वाच्या अखेरच्या भागात लेखिकेने या आक्षेपाला दिलेले उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे.

या भागात एरिनला शाळेच्या नियतकालिकाचे संपादकपद मिळते. एका मुलीने नाव न देता लिहिलेला, आपल्या समलिंगी ओढीविषयीचा लेख तिच्या हाती येतो. एरिनला त्या लेखामागच्या व्यक्तीचे दुःख फारसे दिसत नाही. दिसते ती आपल्याला मिळणारी प्रसिद्धी आणि पुरोगामीपणाचा मान. पुढे क्लेअर आपणच ती लेखिका असल्याचे सांगते तेव्हा हीच एरिन दचकून मागे सरते. दुसऱ्याची वेदना लेखनाचे साहित्य म्हणून वापरणे सोपे, तिच्याशेजारी उभे राहणे कठीण, हे सत्य येथे एका सोळा वर्षांच्या मुलीच्या फजितीतून मांडले आहे. मालिकेवर जो आक्षेप घेता येईल, तोच लेखिकेने आपल्या नायिकेवर घेतला आहे असे म्हणता येईल.

यानंतरच्या प्रसंगात शाळेच्या रंगमंचावर ओर्ला एकटीच व्यायामनृत्य करीत असते आणि प्रेक्षागृहातील मुली तिला हसत असतात. एरिन, क्लेअर, मिशेल आणि जेम्स काही न बोलता मंचावर जातात आणि तिच्याबरोबर नाचू लागतात. त्याच वेळी घरी वडीलधारी मंडळी दूरचित्रवाणीसमोर निश्चल उभी असतात. एका भीषण स्फोटाची आणि त्यातील मृतांची बातमी चालू असते. संपूर्ण पर्वभर जावयाचा पाणउतारा करणारे आजोबा जो, एरिनच्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवतात. दोन्ही दृश्ये आलटून पालटून येतात. संवाद नाही, केवळ गाणे आहे.

आनंदवर्धनाने सांगितलेला आश्रयभेद येथे स्पष्ट दिसतो. हास्याचा आश्रय मुले, करुणाचा आश्रय वडीलधारी माणसे. परंतु या रचनेचे वेगळेपण असे की दोन्ही आश्रय पाहणारा एकच प्रेक्षक आहे, आणि त्याच्या ठायी विरोधाचा परिहार होत नाही. मुलांना बातमी माहीत नाही, वडिलांना नृत्य माहीत नाही. दोन्ही माहीत असलेला प्रेक्षक मात्र हसूही शकत नाही आणि केवळ शोकही करू शकत नाही. शास्त्रात विरोधपरिहार हा रसभंग टाळण्याचा उपाय आहे. येथे मात्र विरोध जिवंत ठेवणे हाच अनुभवाचा गाभा ठरतो.

शॉन ओ’केसी यांच्या ‘जुनो अँड द पेकॉक’ (१९२४) या नाटकाशी येथे तुलना करणे उद्बोधक ठरेल. १९२२ च्या यादवीतील डब्लिनच्या एका गरीब घरात बढाईखोर बापाचा विनोद आणि मुलाचा अंत एकाच छताखाली घडतो. शेवटी पुरुष नशेत बरळत राहतात. दुःखाचे भान स्त्रियांनाच उरते. तेथे हास्य हे अज्ञानाचे लक्षण होते. मगी यांनी ती मांडणी बदलली आहे. मुलांचे नाचणेही अज्ञानातून येते, पण ते बेजबाबदार नाही. एकटे पडलेल्या माणसाच्या बाजूने उभे राहणे हा त्याचा अर्थ आहे. बाहेर जे तुटत आहे तेच मंचावर जोडले जात आहे.

५

कुमारवयाच्या चित्रणाकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. एरिनची रोजनिशी हे पहिल्या भागाचे प्रारंभीचे निवेदन आहे. संघर्षग्रस्त शहरातील संवेदनशील मुलीचे गंभीर आत्मकथन सुरू झाले अशी अपेक्षा निर्माण होते, आणि ताबडतोब कळते की ओर्ला ती रोजनिशी परवानगीवाचून मोठ्याने वाचते आहे. युद्धकाळातील मुलांच्या आत्मकथनाचा रूढ साचा येथे पहिल्याच क्षणी मोडला जातो. या मुलांना साक्षीदार व्हावयाचे नाही. त्यांना जगावयाचे आहे.

तथापि राजकारण त्यांच्या ओळखीत शिरलेले आहेच. दुसऱ्या पर्वाच्या प्रारंभी कॅथलिक मुली आणि प्रोटेस्टंट मुले यांचे मैत्रीशिबिर भरते. दोन्ही समाजांतील साम्ये आणि भेद फळ्यांवर लिहावयाचे असतात. भेदांचा फळा क्षुल्लक गोष्टींनी भरून जातो; साम्यांचा कोरा राहतो. अखेर दोन्हीकडचे पालक येऊन मुलांना रागावतात, तेव्हा साम्यांच्या फळ्यावर एरिन एकच शब्द लिहिते : पालक. पूर्वग्रहांच्या निरर्थकतेवर प्रवचन न देता त्यांची यादी करणे एवढेच येथे पुरेसे ठरते. भेदांचा तो फळा पुढे बेलफास्टच्या अल्स्टर संग्रहालयात ठेवण्यात आला. एका विनोदी प्रसंगातील वस्तू समाजाच्या स्मृतीचा भाग झाली, ही घटना बोलकी आहे.

६

मालिकेची खरी कसोटी लागते ती अखेरच्या विशेष भागात. १० एप्रिल १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ करारानुसार संघर्षाशी संबंधित कैद्यांची दोन वर्षांच्या आत सुटका व्हावयाची होती. २२ मे १९९८ रोजी त्यावर सार्वमत झाले. उत्तर आयर्लंडमध्ये ७१.१ टक्के मते कराराच्या बाजूने पडली. मिशेलचा भाऊ खुनाच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात असल्याचे येथे प्रकट होते. त्याच्या सुटकेविषयी एरिन साशंक आहे. मारल्या गेलेल्या माणसाच्या घरच्यांचे काय, हा तिचा प्रश्न. तो माझा भाऊ आहे, ही मिशेलची भूमिका. दोघींची मैत्री तुटण्याच्या बेतास येते.

येथे लेखिका हास्याचा आश्रय घेत नाही, हे महत्त्वाचे होय. कोण बरोबर, याचा निवाडाही ती करीत नाही. करार यशस्वी झालाच नाही तर काय, या एरिनच्या शंकेला आजोबा जो उलट प्रश्नानेच उत्तर देतात : आणि झाला तर? मग हे सगळे पुढच्या मुलांना सांगावयाची, त्यांना खरी न वाटणारी भुताची गोष्ट होईल. क्षमा आणि न्याय यांतील पेच सुटत नाही. तो मनात ठेवूनच माणसे मत देतात.

मालिकेची मर्यादाही नमूद करावयास हवी. तिचा दृष्टिकोण एका समाजाच्या घरातून घेतलेला आहे. प्रोटेस्टंट कुटुंबांचे आंतरिक जीवन तिच्यात क्वचितच येते, आणि मृतांच्या घरांत तर ती शिरतच नाही. तिसऱ्या पर्वात क्लेअरचे वडील अकस्मात दगावतात. या मैत्रगटावर कोसळणारा हा सर्वांत जवळचा मृत्यू संघर्षाबाहेरचा आहे. ही निवड पळवाट म्हणून वाचता येईल. परंतु ज्या शहरात मृत्यू म्हणजे राजकारण असेच समीकरण झाले होते, तेथे एका मुलीला आपल्या वडिलांसाठी केवळ मुलगी म्हणून रडू देणे, यात त्या शहराला त्याचे साधे माणूसपण परत देण्याचा प्रयत्नही आहे.

हास्य आणि करुण यांचा विरोध शास्त्रकारांनी मानला तो चुकीचा नव्हता. हा विरोध खरा आहे म्हणूनच खांद्यावर ठेवलेला तो हात आणि मंचावरील ते नृत्य एकत्र पाहताना प्रेक्षक अस्वस्थ होतो. विनोदाने दुःख हलके झाले, असे या मालिकेबाबत म्हणता येणार नाही. दुःखाच्या शेजारी जगण्याला किती जागा उरते, ते तिने मोजून दाखविले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.