काळी, पांढरी आणि घराचा पाया

गावात पुष्कळदा असे दिसते, की जुन्या घराला जोडून नवी खोली काढली आणि दोन-तीन पावसाळ्यांत नेमकी जोडावर भेग पडली. भेग बुजवली, तरी पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. सिमेंट कमी पडले, गवंड्याचे काम कच्चे होते, अशी कारणे सांगितली जातात. ती कधी खरी असतात. पण बहुधा खरे कारण जमिनीखाली असते.

बीड जिल्ह्यात सिंदफणेकाठी वसलेले शिरूर कासार घ्या. हा सारा मुलूख बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून तो बनला. हा खडक झिजून आधी मुरूम आणि पुढे काळी माती तयार झाली. आपल्या पूर्वजांनी जमिनीचे दोन भाग मानले : पिकाची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. आज वस्ती वाढून पांढरीवरची घरे काळीत उतरली आहेत. पीक पोसणारी माती घराला मात्र जाचक का ठरते?

फुगणारी माती

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात. एका पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकी असते. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांमध्ये शिरते, त्यांना दूर सारते आणि माती फुगते. पाणी निघून गेले की ती आकसते. म्हणूनच मे महिन्यात शेतात मूठ जाईल एवढ्या भेगा दिसतात आणि आषाढात त्या मिटून जातात. जी माती शेतात भेगाळते, तीच पायाखालीही हलत असते.

घराच्या मध्यभागी फरशीखाली ओल बरीचशी कायम राहते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात सुकते आणि पावसात भिजते. त्यामुळे घराच्या कडा वर्षातून एकदा खाली-वर होतात. विटांची भिंत दाब चांगला सोसते, पण ताण सोसत नाही; म्हणून ती सांध्यासांध्यांतून जिन्यासारखी तिरपी फाटते.

थोडे गणित

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील भार. हा भार आपण गवंड्याप्रमाणे वजनातच मोजू. तीन मीटर रुंदीच्या खोलीची एक मीटर लांब भिंत घ्या. 23 सेंटिमीटर जाडीची, 3 मीटर उंचीची विटांची भिंत सुमारे 1380 किलोग्रॅम भरते. अर्ध्या खोलीवरचा 12 सेंटिमीटर जाड स्लॅब 450 किलोग्रॅम, त्यावरील कोबा, माणसे व सामान यांसाठी 450 किलोग्रॅम, आणि जोते व जमिनीतील 38 सेंटिमीटर रुंदीचा दगडी पाया मिळून 1400 किलोग्रॅम धरू. बेरीज झाली सुमारे 3700 किलोग्रॅम.

हा भार 38 सेंटिमीटर रुंदीवरून थेट मातीवर गेला, तर दर चौरस मीटरला सुमारे 9.7 टन पडतात. भिजणाऱ्या काळ्या मातीवर सुमारे 5 टनांहून अधिक भार देऊ नये, असा संकेत आहे. आता तळाशी 90 सेंटिमीटर रुंद व 30 सेंटिमीटर जाड काँक्रीटची पट्टी घाला. पट्टीच्या वजनासह भार 4350 किलोग्रॅम झाला, तरी दाब 4.8 टनांवर उतरतो. वजन वाढले आणि दाब घटला!

जाडी 30 सेंटिमीटरच का? भार काँक्रीटमधून साधारण 45 अंशांत पसरतो असे धरतात. पट्टी दगडी पायाच्या दोन्ही बाजूंना 26 सेंटिमीटर बाहेर येते. म्हणून जाडी निदान तेवढी हवी. पातळ पट्टी कडेला मोडते.

नुसती रुंदी पुरत नाही

मग प्रश्न सुटला का? नाही. पायाने माती खाली दाबावी तसा फुगणाऱ्या मातीनेही पाया वर रेटावा. हा रेटा काही नमुन्यांत चौरस मीटरला 20 टनांहूनही अधिक मोजला गेला आहे. आपली खोली दाबते 4.8 टनांनी! म्हणजे एकमजली हलके घर माती सहज उचलू शकते. रुंद पट्टीने खचणे थांबेल, उचलणे नव्हे.

म्हणून पहिला नियम असा : काळी माती ओलांडून मुरमापर्यंत खोदावे. काळीचा थर फार खोल असेल, तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले खांब वापरतात. ते सुमारे साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तेथे ओलीत ऋतुमानाने फारसा फरक पडत नाही. अशा कामासाठी अभियंत्याचा सल्ला हवाच.

दुसरा नियम : नवी भिंत जुन्या भिंतीत दात काढून गुंतवू नये. जुने घर आपले खचणे कधीच संपवून बसले आहे. नव्याचे अजून व्हायचे आहे. दोघांत पायापासून छतापर्यंत सुमारे अडीच सेंटिमीटरचा मोकळा सांधा ठेवला, तर प्रत्येकाला स्वतंत्रपणे हलता येते.

तिसरा नियम जिवाचा आहे. जुन्या पायालगत त्याच्याहून खोल चर एकदम सलग खोदू नये. जुन्या पायाला बाजूच्या मातीचा आधार असतो. तो काढला तर भिंत चरात कोसळते. मीटर-दीड मीटरचा टप्पा खोदावा, भरावा, मगच पुढचा घ्यावा.

चौथा नियम स्वस्त आणि म्हणूनच दुर्लक्षित : पाणी दूर ठेवावे. पन्हळीचे व मोरीचे पाणी पायाशी मुरू देऊ नये, घराभोवती बाहेर उताराचा फरसबंद पट्टा करावा आणि मोठे झाड भिंतीलगत लावू नये.

करून पाहा

वाळवून बारीक चाळलेली काळी माती 10-10 ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्या. एकात 100 मिलिलिटरपर्यंत पाणी, दुसऱ्यात तेवढेच रॉकेल घाला. (रॉकेल विस्तवापासून दूर ठेवा, हे शिक्षकांसमोरच करा.) ढवळून हवेचे बुडबुडे घालवा व 24 तासांनी तळाच्या मातीचे आकारमान वाचा. रॉकेल पापुद्र्यांत शिरत नाही, म्हणून तेथे माती फुगत नाही. समजा, पाण्यात 22 आणि रॉकेलमध्ये 11 मिलिलिटर भरले; तर फुगवटा (22 – 11) ÷ 11 × 100 = 100 टक्के. 50 च्या आत आल्यास माती कमी फुगणारी, 100 च्या वर गेल्यास फार फुगणारी समजावी.

हाच प्रयोग शेतातील काळी, गावठाणातील पांढरी आणि विहिरीवरचा मुरूम चाळून करा. तिन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. पूर्वजांनी वस्तीसाठी पांढरी का निवडली असावी, याचा विचार ते आकडे पाहून करा; आणि घरात खोली काढायचे बोलणे निघाले, तर खड्ड्यातली मूठभर माती आधी प्रयोगशाळेत आणा.