फेझंटाची हौस आणि जपानी लाव्याचा धंदा

विलायतेंत शेतावर फेझंट पक्षी पाळून पैसा करितात, तसें आपल्याकडे कां करूं नये, असा प्रश्न पाचोरें भागांतील बागाईतदार आम्हांस अनेकदां विचारितात. विलायतेंत हा पक्षी मुख्यत्वें शिकारीच्या शोकासाठीं वाढवितात. दरसाल कोट्यवधि पक्षी रानांत सोडून बंदूकवाल्यांकडून पैसे घेतात. आपल्या देशांत सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली. सबब त्या धंद्याचा पायाच येथें नाहीं.

फेझंटाचे भाऊबंद मात्र आपल्या शिवारांत आहेत. मोर, तित्तिर, लावा हे सर्व त्याच कुळांतले. कपाशीच्या बांधावर सांपडलेलीं तित्तिराचीं अंडीं घरच्या खुडूक कोंबडीखालीं ठेवावीं, असें कित्येकांस वाटतें. परंतु तीं अंडीं उचलणें हाच गुन्हा आहे. आमचा उभा जन्म महसुली दप्तरांत गेल्यामुळें कागद आधीं पाहण्याची खोड आम्हांस आहे. वाचकांनींही ती लावून घ्यावी.

जपानी लावा हा पाळीव पक्षी. तो सन १९७४ मध्यें कॅलिफोर्नियाहून आपल्या देशांत आला, व पुढें बरेलीजवळील इज्जतनगरच्या संशोधन संस्थेनें त्याच्या सुधारलेल्या जाती तयार केल्या. सन २०११ मध्यें केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें त्याचे नवे परवाने थांबविले होते. ती आडकाठी सन २०१३ च्या अखेरीस दूर झाली. रानलावा मात्र संरक्षितच आहे. म्हणून पिलें आणाल तेथली पावती जपून ठेवावी.

ह्या पक्ष्याची मादी अंड्यांवर बसत नाहीं. यंत्रांत सतरा-अठरा दिवसांत पिलें निघतात. पिलाचें वजन अवघें ७-८ ग्रॅम! पाण्याच्या थाळींत तें बुडून मरतें, यास्तव थाळींत गोट्या टाकाव्या. पहिल्या आठवड्यांत ऊब ३५ अंशांच्या खालीं जाऊं देऊं नये. आम्हीं पौषांत शंभर पिलें आणलीं. रात्रीं वीज गेली, आणि आम्ही निजलेले. सकाळीं पाहतों तों सारीं पिलें ऊब शोधीत एका कोपऱ्यांत एकमेकांवर चढलेलीं व निम्मीं चिरडून मेलेलीं. तेव्हांपासून कोळशाची शेगडी तयार ठेवितों व खोलीचे कोपरे पुठ्ठ्यानें गोल करितों. शेगडी पेटली कीं धूर जाण्यास वाट मात्र ठेवावी.

पहिले तीन आठवडे खाद्यांत प्रथिनें शेंकडा २५ च्या वर लागतात. घरच्या नुसत्या ज्वारीवर हा पक्षी वाढत नाहीं. पांच आठवड्यांत सुमारें अर्धा किलो खाद्य खाऊन तो २०० ग्रॅमांच्या आसपास भरतो. मादी सहा-सात आठवड्यांची झाली कीं अंडीं देऊं लागते. वैशाखांत छपरावर पऱ्हाटी पसरून ती ओली ठेवावी.

विक्रीची गोष्ट कठीण आहे. आमच्या बाजारांत हें मांस थोडेच लोक ओळखतात, आणि पांच आठवड्यांनंतर ठेवलेला नर फुकट खातो. जळगांवकडील खाणावळवाल्यांशीं आधीं बोलणें करून मगच पिलें आणावीं. दुसरें भय रोगाचें. सन २००६ मध्यें आपल्या खानदेशांतील नवापुरास पक्ष्यांच्या तापाची सांथ आली, तेव्हां लाखों कोंबड्या माराव्या लागल्या. सन २०२१ मध्यें तेथें पुन्हां तेंच झालें. लाव्यासही हा रोग होतो. त्याचें खुराडें कोंबड्यांपासून दूर असावें, जाळींतून चिमण्या शिरूं नयेत, आणि आंत जाण्याच्या वहाणा निराळ्या असाव्या.

आरंभीं पन्नास पिलेंच घ्यावीं. तीं विकलीं गेलीं म्हणजे दुसरीं पन्नास.